बस्त्याचे पॉइंट

कोऱ्या कापडाचा वास आधी टाळूला लागतो, मग नाकाला. खळीची आंबूस पूड, डांबराच्या गोळ्यांचा थंड झणका, आणि त्याखाली गठ्ठ्याच्या तागाचा धुळकट वास. अमरावतीच्या कापडबाजारापासून दहा मिनिटांवर मी पस्तीस वर्षे राहते आहे. एके काळी त्या रस्त्याने जाताना मी मुद्दाम पावले हळू करीत असे. आता तो वास आला की मला माझी धाकटी बहीण दिसते: दुकानाच्या पांढऱ्या गादीवर मधोमध मांडी घालून बसलेली, मांडीवर पर्स, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली आमची आई.

बहीण अकोल्याला असते. बार्शीटाकळीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, रोज स्कूटीने जाते-येते. तिला नवरा आहे, दोन मुलगे आहेत, तळमजल्यावरचे घर आहे. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवीत असे. आता निवृत्त आहे. लग्न मी केले नाही. वडील गेल्यावर मोर्शीचे भाड्याचे घर सुटले आणि आई आम्हा दोघींत वाटली गेली. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने ती माझ्याकडे असते, कारण माझ्या गल्लीतल्या विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालते आणि तिला तिथवर काठी टेकत जाता येते. उरलेले नऊ महिने अकोला. हे कोणी बसून ठरवले नव्हते. नातवंडे तिथे, जावई स्वभावाने गरीब, माझ्या घराला मात्र बावीस पायऱ्या. सगळी कारणे रास्त होती. रास्त कारणांनी माझे मन कधी निवले नाही.

आईला बुद्धगयेला जायचे होते. बोधिवृक्षाखाली एकदा बसायचे, एवढेच. तिच्या वयाच्या बायका विहाराच्या सहलींतून रेल्वेने जाऊन आल्या, येताना वहीत जपून पिंपळाची पाने घेऊन आल्या. आईची वेळ आली तोवर तिचे गुडघे गेले होते. रेल्वेचा तो लांबचा प्रवास, वरखाली चढणे-उतरणे तिला झेपणार नव्हते. विमानाने जमले असते: नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून गया. माझा पहिला पगार झाला त्या दिवशी मोर्शीच्या घरी, ती चुलीपुढे भाकरी थापत असताना, मी तिला म्हटले होते, "मी तुले बुद्धगयेले नेईन." ती हसली आणि पिठाचे हात तिने माझ्या गालाला लावले. ते ओले, गार पीठ गालावर वाळताना कातडी जराशी ओढली गेली होती, तेही मला आठवते.

मी तिला नेले नाही. पैसा नव्हता असे म्हणण्याची सोय मला नाही, पैसा होता. कधी उत्तरपत्रिका होत्या, कधी प्रबंध, कधी घराचे बांधकाम, आणि नंतरच्या वर्षांत काहीच नव्हते, केवळ पुढच्या हिवाळ्याची एक गोड खात्री होती. वचन देऊन ठेवले की ते पाळल्याचे निम्मे समाधान आधीच हाती येते. त्या निम्म्यावर मी आयुष्य काढले.

आणि तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बहिणीचा फोन आला. "बाई, मी आईले विमानानं बुद्धगयेले नेऊन राहिली," ती म्हणाली. घरात मोठ्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो. मी विचारले, केव्हा? ती म्हणाली, पॉइंट जमले की. मग तिने मला क्रेडिट कार्डाचे सगळे शास्त्र समजावले. कार्डाने खर्च केला की बँक पॉइंट देते. ते पुरेसे साठले की विमानाच्या तिकिटांत बदलून घेता येतात. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून ती हे शिकली होती. तिच्या आवाजात तेव्हा एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'फुकट', आणि तो दर वेळी मला टोचत होता. जे मी पैसे असूनही केले नाही, ते ती पैशांवाचून करणार होती.

मी म्हटले, शिक्षिकेच्या घरात खर्च तो किती, पॉइंट जमायला तुला दहा वर्षे लागतील. त्यात काळजीपेक्षा आशा जास्त होती.

तिला दहा वर्षे लागणार नव्हती, कारण तिला बस्ता सापडला.

आमच्याकडे लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी एका दिवशी मिळून कापड घ्यायला जातात. नवरीचे, नवरदेवाचे, मामा-मावश्यांचे, आहेराचे असे सगळे कापड एकाच दुकानात, एकाच बैठकीत घेतले जाते. त्याला बस्ता फाडणे म्हणतात. सकाळी दहाला गादीवर बसलेली माणसे दिवेलागणीला उठतात. मध्ये चहा होतो, कचोरी होते, एखादी आत्या रुसते, तिला मनवले जाते, आणि शेवटी चादरीत बांधलेले दोन-तीन गठ्ठे टेम्पोत चढतात. अख्ख्या वऱ्हाडातून लोक यासाठी अमरावतीला येतात. शेंदूरजनाघाटचे बागाईतदार येतात तसे आमच्यासारखे नोकरदारही येतात. बिल मोठे असते आणि बहुतेक वेळा रोखीने दिले जाते.

बहिणीने नात्यातल्या प्रत्येक घरी सांगून ठेवले: तुम्ही रोख रक्कम माझ्या हाती द्या, दुकानात बिल माझ्या कार्डाने देऊ. तुमचा एक रुपया जास्त जाणार नाही, मला पॉइंट मिळतील आणि आई विमानात बसेल. लोकांना ही गोष्ट फार आवडली. खिशातून काही न जाता आपणही म्हातारीला बुद्धगयेला पोचवतो आहोत याचे समाधान कोणाला नको असते? चुलत, मावस, जावेच्या माहेरचे, शाळेतल्या सहकाऱ्यांचे, असे सगळे बस्ते तिच्याकडे येऊ लागले. नोव्हेंबर ते मे या काळात ती कधी कधी महिन्यातून दोन-दोनदा आईला घेऊन अकोल्याहून अमरावतीला येई. मुक्काम माझ्याकडे नसे. सकाळच्या गाडीने येत, बडनेरा स्टेशनवरून परस्पर दुकानात जात आणि संध्याकाळी परत जात. मला निरोप असे की दुकानातच ये, आई म्हणते मोठीची नजर चांगली.

म्हणून मी जात असे. आमच्याकडे नवरी लग्नविधीला पांढरी साडी नेसते, आणि पांढरे निवडणे सोपे नसते. पांढऱ्यात कापसाचा पांढरा असतो, जो अंगाला ऊब देतो. दुधाचा असतो, त्यात एक पिवळी झाक लपलेली असते. आणि नीळ घातलेला एक कठोर पांढरा असतो, ज्यात सावळ्या मुलीचा चेहरा मलूल दिसतो. मी साडी उजेडाकडे धरून सांगे, ही नको, ती घ्या. बायका ऐकत. नवरीच्या मनगटावर मी पदर टाकून पाहत असे तेव्हा दोन-चार क्षण सगळे दुकान माझ्याकडे बघे.

मग बिल होई, आणि सगळे डोळे बहिणीकडे वळत.

ती पर्स उघडत असे. कार्ड काळे होते, कडेला सोनेरी रेघ असलेले. दुकानदार दर वेळी म्हणे, कार्डावर दोन टक्के पडतील ताई. ती दर वेळी म्हणे, "मंग हे गठ्ठे सोडा दादा, आमी शेजारच्या दुकानात जातो." तो हसून मशीन पुढे करी. यंत्रातून चिठ्ठी सरसर बाहेर येई, आणि ती फाडल्याचा तो बारीक, कोरडा आवाज झाला की कोणी तरी मामा म्हणे, "घ्या काकू, निघालं तुमचं विमान अकोल्याहून." दुसऱ्या बस्त्याला विमान मूर्तिजापूरला पोचलेले असे, तिसऱ्याला नागपूरच्या अलीकडे. आई पदर तोंडाला लावून हसे. एकदा तिने सर्वांदेखत गंभीरपणे विचारले, विमानात चढताना चप्पल काढा लागते का. गादीवरची माणसे आडवी झाली हसून. बहिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी समोर साड्यांच्या ढिगामागे उभी होते. हातात निवडलेली पांढरी साडी होती आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

त्या हातावर माझा जीव जळत असे. पॉइंटांवर नाही, विमानावरही नाही. आईच्या पाठीवर सहज पडलेल्या त्या हातावर. माझा हात तसा सहज पडत नाही. तो आधी विचार करतो.

पुढच्या वर्षावासात आई माझ्याकडे आली तेव्हा मला वाटले, हे तीन महिने तरी माझे आहेत. पण तिने विहारात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकले: "लहानी मले विमानानं नेऊन राहिली." मी खीर वाढत होते. एक बाई माझ्या हातातला डाव धरून म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईनं एक लेक कामाची काढली." तिच्या मनात काही वाईट नव्हते. खिरीच्या गरम वाफेत वेलदोड्याचा वास होता, आणि मला वाटले, आपण इथे उभ्या उभ्या नासतो आहोत.

दुसऱ्या दिवशी मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला.

हे लिहिताना आता हसू येते, पण तेव्हा मी पुरती त्या फंदात पडले होते. निवृत्तिवेतनाच्या आधारावर कार्ड मिळाले, तेही निळे, साधे. मी किराणा कार्डाने आणू लागले. गरज नसताना पुस्तकांचे एक कपाट घेतले. कोपऱ्यावरच्या संत्रेवाल्याला विचारले, कार्ड चालते का. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी दोन किलो जास्त संत्री घेऊन आले. महिनाअखेरीस मोबाइलवर माझे पॉइंट उघडून बघितले. तेवढ्यांत एखादा चहाचा मग मिळाला असता.

दिवाळीनंतर, आई अकोल्याला परतल्यावर, त्या कार्डाच्या काही कामासाठी मी बँकेत गेले. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. डोक्यावरचे केस विरळ झालेले, कार्डांच्या विभागात वरच्या जागेवर. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि आवाज खाली घेऊन, गुरूंना काही शिकवण्याचा संकोच वाटत असल्यासारखा, एक गोष्ट सांगितली. कार्ड स्वतःच्याच खर्चाला वापरा मॅडम, तो म्हणाला. काही लोक पॉइंटांसाठी दुसऱ्यांची बिले आपल्या कार्डावर देतात. एकाच प्रकारच्या दुकानात वारंवार मोठी रक्कम दिसली की बँकेला वाटते, हा माणूस कार्डावर व्यापार करतो आहे. मग विचारणा वगैरे फारशी होत नाही. खाते बंद होते आणि साठलेले सगळे पॉइंट जातात. म्हणून साठवून ठेवू नये, जमले की वापरून टाकावे.

चहात सुंठ जास्त झाली होती. घशात ती बराच वेळ राहिली.

घरी येऊन मी फोन हातात घेतला. बहिणीचा नंबर काढला. सांगायचे होते ते दोन वाक्यांत संपले असते. मी बाल्कनीत उभी राहिले. खाली कोणी तरी वाळलेली पाने जाळत होते, धूर वर येत होता, आणि मी स्वतःला सांगितले की तिचे कार्ड दुसऱ्या बँकेचे आहे, तिथले नियम निराळे असतील. उगाच तिचा हिरमोड कशाला? मी फोन ठेवला. इतका विचारी, इतका प्रेमळ दिसणारा युक्तिवाद मी त्याआधी कधी रचला नव्हता.

डिसेंबरमध्ये एका बस्त्याला तिने मला आपण होऊन विचारले. आईने तिला माझ्या निळ्या कार्डाविषयी सांगितले होते. तिने मला चिडवले: "आमाले नावं ठेवून तूही लागली का नादाले?" मग साडीची घडी घालता घालता, सहज, म्हणाली, "बाई, त्याच्यासंगं ते बारीक अक्षराचं पुस्तक येते, ते वाचलं का तू? मले तं वाचवत नाही. काही गडबड तं नाही ना आपल्या बस्त्याची?"

"नाही," मी म्हणाले. "मी वाचलं नाही. पण गडबड काही नाही."

आतापर्यंत मी केवळ गप्प होते. त्या क्षणापासून मी खोटे बोललेली बाई झाले. ती हे वाचील तेव्हा तिला हे पहिल्यांदाच कळेल. समोर बसून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

जानेवारीत आईचा फोन आला. दोघींच्या तिकिटांपुरते पॉइंट झाले, तिने सांगितले. दोघींच्या म्हणजे तिच्या आणि बहिणीच्या, हे मला विचारावे लागले नाही. आवाज इतका हलका होता की त्या बाजूला कोणी कुमारिका बोलते आहे असे वाटावे. मी म्हटले, छान झाले. फोन ठेवल्यावर मी घरातले सगळे दिवे लावले आणि काही काळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले. संपले होते. आता ती जाईल, पिंपळाची पाने घेऊन येईल, आणि ती पाने अकोल्याच्या घरात काचेखाली लागतील.

पण तिकिटे निघाली नाहीत. फेब्रुवारीत बहीण पुन्हा एका बस्त्याला आली, मार्चमध्ये आणखी दोन. मला नवल वाटले, आणि लवकरच नवलाची जागा एका आनंदी तिरस्काराने घेतली. म्हणजे हिला आता चटक लागली आहे. आईची इच्छा हे निमित्त आहे; आकडा वाढताना बघण्याचे सुख हेच खरे. मी कधी तरी तिला टोचूनही पाहिले की झाले ना, मग जात का नाही. "थांब ना," ती म्हणाली, "सुट्टी लागू दे." आणि हसली. ते हसणे मला लबाड वाटले. माझ्या मनात माझ्या मौनाचे पारडे त्या हसण्याने हलके झाले. लोभी माणसाला सावध करण्याचे कर्तव्य कोणावर असते?

एप्रिलमधला तो बस्ता आमच्या चुलतभावाच्या मुलीचा होता. बाहेर ऊन असे की रस्त्यावरचे डांबर चपलेला धरत होते. दुकानात कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याच्या वासात कोऱ्या कापडाचा वास मिसळला होता. पांढरी साडी मीच निवडली, कापसाच्या पांढऱ्यातली. गठ्ठे बांधून झाले. बिल आले. बहिणीने कार्ड दिले.

यंत्राने एक लांब आवाज केला आणि चिठ्ठी आली नाही.

दुकानदाराने कार्ड पुसून पुन्हा घातले. पुन्हा तोच आवाज. नवरीचा मामा म्हणाला, "कार्डाले उपास हाये का आज?" दोघे-तिघे हसले. तिसऱ्यांदाही तसेच झाले तेव्हा कोणी हसले नाही. आईने विचारले, "काय झालं वं?" बहीण म्हणाली, "काही नाही आई, मशीनले रेंज नाही." मग ती फोन घेऊन आरशाच्या बाजूला गेली आणि मेल उघडून वाचू लागली.

मला वाचायची गरज नव्हती. आणि मी हे इथे जसे होते तसे लिहिते: माझ्या छातीत काही तरी कोमट, गोड असे पसरले, उसाचा रस घशाखाली उतरावा तसे. ते फार वेळ टिकले नाही. आरशात मला तिची पाठ आणि तिचा चेहरा दोन्ही एकाच वेळी दिसत होते. ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती, ओठ हलवीत, तिच्या शाळेतली पहिलीची मुले वाचतात तशी.

चुलतभावाने आधी तिला दिलेली रक्कम तिने पर्समधून काढून परत दिली, त्याने ती दुकानदाराला दिली. कोणाचेही काही अडले नाही. एका बाईचे तेवढे अडले, आणि ती हसत हसत सगळ्यांना सांगत होती की उद्या बँकेत फोन केला की चालू होईल.

चालू झाले नाही. तिने आठवडाभर फोन केले. पलीकडे दूरच्या कुठल्या शहरातली, हिंदी बोलणारी एक मुलगी असे, जिला बस्ता म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. बहीण तिला समजावून सांगत होती की मॅडम, मी कापडाची व्यापारी नाही, मी शिक्षिका आहे, हा आमच्याकडचा रिवाज आहे, ही सगळी माझ्या नात्यातली लग्ने आहेत, मी बँकेचा एक पैसाही बुडवलेला नाही. मुलगी आदराने ऐकून घेई आणि म्हणे की खात्याचा वापर व्यावसायिक स्वरूपाचा आढळला आहे. दोन वर्षांत सोळा बस्ते. बँकेच्या खिडकीतून बघितले तर तिचेही काय चुकले? आमच्या नात्यांचा व्याप बाहेरून बघणाऱ्याला धंद्यासारखाच दिसत असणार. पॉइंट गेले. तिकिटांत बदललेले असते तर वाचले असते, असे त्या मुलीने शेवटी सांगितले. ते मला नोव्हेंबरपासून माहीत होते.

मी मे महिन्यात अकोल्याला गेले. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची काळी, उन्हाने तडकलेली रिकामी जमीन दिसत होती, आणि मी पर्समध्ये माझे चेकबुक घेऊन निघाले होते. मनाशी सगळे ठरले होते. आता मी नेणार. माझ्या पैशांनी, खिडकीजवळच्या आसनावर, पस्तीस वर्षांनी का होईना. अपराधाची टोचणी होती, नाही असे नाही. पण तिच्या शेजारीच, तिला खेटून, जुनी आशा बसली होती की शेवटी हे माझ्याच वाट्याला येणार होते.

बहीण उन्हाळी प्रशिक्षणाला गेली होती, मुले आणि जावई बाहेर. आई एकटी घरात होती. फरशीवर गोणपाट अंथरून ती चिंच फोडत बसली होती. घरभर तो आंबट, दाट वास होता. दात आपोआप शिरशिरत होते. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्याबरोबर चिंचोके बाजूला करू लागले. घरी मी तिच्याशी आमच्याच बोलीत बोलते. जगात आता फक्त तिच्याशी.

"आई, तिकिटं मी काढतो," मी म्हटले. "पुढच्या हिवाळ्यात जाऊ. आपण दोघी."

बोटांना चिकटलेले तंतू तिने गोणपाटाला पुसले. मग म्हणाली, लहानीचा फार जीव लागला होता त्यात. आठ दिवस नीट जेवली नाही. आता लगेच तिच्यासमोर तिकिटाचे नाव काढू नको. ती बोलत होती बहिणीविषयी, आणि तेही अशा आवाजात, जो माझ्या कोणत्याही दुःखासाठी मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. माझ्या आत ते जुने सगळे पुन्हा उभे राहिले. मला वाटले, आज हिला एकदा तरी मान्य करायला लावायचे की चूक त्या लाडकीची होती. तिच्या लोभाची. माझ्या गप्प राहण्याला मग फारसा अर्थ उरला नसता.

"दोघीचे पॉइंट तं जानेवारीतच झाले होते ना?" मी म्हणाले. "तवाच काढली असती तिकिटं, तं आज तू जाऊन आली असती. तरी बस्ते करतच राहिली. आणखी कितीजणीचे जमवायचे होते तिले?"

आईने हातातली चिंच खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. हे मला इतके दिवस कसे कळले नाही, याचेच तिला नवल वाटत असावे.

"तिघीचे."